वाचकांचे प्रश्न : गावोगावच्या लीगचा हंगाम

मागील अंकात आम्ही ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या गहू पिकवणाऱ्या भागातील स्थानिक फुटबॉल लीगविषयी एक छोटी नोंद दिली होती. आसपासच्या गावांचे संघ एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत बहुतेक शनिवारी आळीपाळीने एकमेकांच्या मैदानावर जाऊन खेळतात, एवढाच तिचा आशय होता. त्यावर वऱ्हाडातून आणि वर्धा जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रे खेळापेक्षा त्या व्यवस्थेविषयी विचारणारी आहेत, आणि याचा आम्हाला मनापासून आनंद वाटला. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त व्हिक्टोरियातील एका लहान गावात राहतो आणि तेथील क्लबच्या दुसऱ्या संघात खेळतो. चेंडूला बुक्की मारली, उंच उडी घेऊन झेल घेतला, नेम चुकला तरी एक गुण मिळाला, असे तो फोनवर सांगतो. हा फुटबॉल आहे की आणखी काही? (एक आई, मूर्तिजापूर, जि. अकोला)

ताई, आपला मुलगा सांगतो ते अगदी बरोबर आहे. या खेळाला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात. क्रिकेटपटूंनी हिवाळ्यातही अंग हलते ठेवावे म्हणून एक क्लब काढावा, अशी सूचना टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली मेलबर्नमध्ये केली आणि पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, खेळाचे पहिले लेखी नियम तयार झाले. त्यामुळे हा खेळ आजही क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर खेळला जातो. चेंडूही लंबगोल असतो. प्रत्येक बाजूचे १८ खेळाडू मैदानात उतरतात आणि सामना चार भागांत होतो. चेंडू हाताने फेकता येत नाही. तो एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो किंवा पायाने. चेंडू घेऊन धावणाऱ्याला दर १५ मीटरला तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. किमान १५ मीटर अंतरावरून लाथाडलेला चेंडू कोणी अधांतरी झेलला, तर त्याला पुढचा फटका विनाअडथळा मारता येतो, म्हणून उंच उडीच्या झेलाला तेथे एवढा मान आहे.

मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू पायाने थेट गेला की सहा गुण. बाजूच्या खांबांतून गेला की एक गुण, ज्याला बिहाइंड म्हणतात. गोलपंच सहा गुणांना दोन झेंडे हलवतो आणि एका गुणाला एक. वर्तमानपत्रात १२.८ (८०) असे छापलेले दिसले, तर १२ गोल, ८ बिहाइंड, एकूण ८० गुण असे वाचावे.

आपण विचारले नाही, तरी दुखापतीची काळजी आईच्या मनात असणारच. खेळ अंगावर येणारा आहे, त्यात धडका बसतात. मात्र डोक्याला मार लागून भोवळ किंवा गुंगी आलेल्या खेळाडूला स्थानिक पातळीवर किमान २१ दिवस सामना खेळू द्यायचा नाही, असा दंडक आता तेथे आहे. आपल्याकडे पकडीत डोके आपटलेला कबड्डीपटू तोंडावर पाणी मारून पुन्हा चढाईला जातो. हे थांबलेच पाहिजे.

प्रश्न : गव्हाच्या पट्ट्यातले शेतकरी ऐन पेरणीत फुटबॉल खेळायला कसे येतात? आमच्याकडे मृगात कोणाला खेळायला बोलावले तर तो बैलजोडी आपल्या हाती देईल. (एक शेतकरी, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

दक्षिण गोलार्धात जून ते ऑगस्ट हा हिवाळा असतो आणि व्हिक्टोरियाच्या गव्हाला याच थंडीतला पाऊस लागतो. पेरणी साधारण एप्रिलअखेरीस सुरू होऊन जूनपर्यंत चालते, कापणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते. म्हणजे लीगचे पहिले काही शनिवार पेरणीत सापडतात आणि ते शेतकऱ्यांना खरोखरच जड जातात. दिवे लावलेल्या ट्रॅक्टरवर रात्री पेरणी करून दुपारी सामन्याला उभे राहणारे खेळाडू तेथे असतात. पुढे पीक उभे राहिले की हाताशी वेळ असतो आणि अंतिम सामने कापणीच्या आधी आटोपतात.

ऋतू बदलला की हंगामही बदलतो. त्याच देशाच्या उत्तरेला, डार्विनजवळच्या तिवी बेटांवर, हाच खेळ पावसाळ्यात, ऑक्टोबर ते मार्च, खेळला जातो. आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी होऊन रान मोकळे झाले की कबड्डीचे मैदान आखले जाते, त्यामागेही हेच कारण आहे. आपल्या खारपाणपट्ट्यात हरभऱ्याची पेरणी उरकल्यावरचे दिवस त्या दृष्टीने सर्वांत सोयीचे ठरावेत.

प्रश्न : आमचे मंडळ दरवर्षी कबड्डीचे सामने भरवते. पहिले बक्षीस मोठे ठेवले नाही तर नामांकित संघ येत नाहीत आणि बक्षीस मोठे ठेवले तर वर्गणी पुरत नाही. बक्षिसाशिवाय पाच-सहा महिने सामने चालतात तरी कसे? (एका कबड्डी मंडळाचे सचिव, ता. दिग्रस, जि. यवतमाळ)

आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण आमच्या मते सर्व पत्रांत हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

आपली स्पर्धा बाद पद्धतीची असते. दोन-तीन रात्रींत चाळीस-पन्नास संघ खेळतात आणि पहिला सामना हरलेला संघ त्याच रात्री गाडी भरून परत जातो. ज्याला एकच सामना मिळण्याची शक्यता आहे, तो बक्षिसाकडेच पाहणार. त्याला दोष देता येत नाही. लीगमध्ये हरलेल्या संघाचे नाव पुढच्या शनिवारच्या वेळापत्रकात आधीच छापलेले असते. दहा संघ असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे ठरले, तर सगळ्यात दुबळ्या संघालाही १८ सामने मिळतात, त्यांतील नऊ स्वतःच्या गावात. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. गुण सारखे झाले तर सामन्यांत केलेल्या गुणांना प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या गुणांनी भागून टक्केवारी काढतात. एखाद्या संघाने हंगामभरात ९०० गुण केले आणि ७५० दिले, तर त्याची टक्केवारी १२०. त्यामुळे सामना हातातून गेला तरी शेवटच्या भोंग्यापर्यंत प्रत्येक गुण मोलाचा राहतो. शेवटी वरचे चार, पाच किंवा सहा संघ बाद फेरीत जातात आणि मग विजेतेपदाचा सामना होतो.

पैशाचा मार्गही या वेळापत्रकातूनच निघतो. आपल्या मैदानावर सामना असला की प्रवेशशुल्क आणि उपाहारगृहाची कमाई यजमान क्लबची. दुपारी मोठ्यांचा सामना असतो, पण सकाळपासून मुलांचे आणि क्लबच्या दुसऱ्या संघाचे सामने सुरू असतात, म्हणून माणसे दिवसभर मैदानावर असतात. मोटारी मैदानाभोवती कठड्याला तोंड करून उभ्या राहतात आणि गोल झाला की सगळ्यांचे हॉर्न एकदम वाजतात. उपाहारगृहात पालक पाळीने उभे राहतात. फाटकावर तिकीट घेणारा, वेळ मोजून भोंगा वाजवणारा, पाणी नेणारा, मध्यंतरात संत्र्याच्या फोडी घेऊन जाणारा, हे बहुतेक सगळे गावचेच असतात आणि बिनपगारी असतात. गुरुवारी संध्याकाळी सरावानंतर संघ जाहीर होतो आणि अनेक क्लबांत त्याच रात्री सगळ्यांचे एकत्र जेवण होते.

बाहेरच्या खेळाडूंचा रोग मात्र तेथेही आहे. पैसे देऊन नामवंत खेळाडू आणायचे, एक वर्ष जिंकायचे आणि दुसऱ्या वर्षी कर्जात बुडायचे, हे अनेक क्लबांच्या वाट्याला आले. त्यावर व्हिक्टोरियात २०१६ च्या हंगामापासून खेळाडूंसाठी गुणपद्धती आली आणि त्यानंतर मानधनावर मर्यादाही. क्लबमध्येच वाढलेल्या खेळाडूला एक गुण, वरच्या दर्जाच्या स्पर्धेतून आलेल्याला जास्त, अगदी सहापर्यंत. आणि सामन्यात उतरलेल्या संघाच्या गुणांची बेरीज ठरलेल्या मर्यादेबाहेर जाता कामा नये. आपल्याकडे वजनगट सांभाळण्यासाठी आपण खेळाडूला काट्यावर उभा करतोच. तो गावचा आहे की भाड्याने आणलेला, याचाही असा हिशेब ठेवता आला तर आपल्या मंडळाचे अर्धे दुखणे बरे होईल, असे आम्हाला वाटते.

आणखी एक प्रथा सांगण्यासारखी आहे. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना तीन, दोन व एक अशी मते देतात. ती हंगामाच्या शेवटी मोजून सर्वोत्तम व सर्वांत सभ्य खेळाडू निवडला जातो; राष्ट्रीय पातळीवर याच धर्तीचे ब्राउनलो पदक १९२४ पासून दिले जाते. गैरवर्तनासाठी निलंबित झालेल्याला ते मिळू शकत नाही. पंचांशी हुज्जत घालणाऱ्याला आपल्याकडेही याहून चांगला उपाय सापडणार नाही.

प्रश्न : या सगळ्यात मुली कोठे आहेत? (एक शिक्षिका, ता. आर्वी, जि. वर्धा)

मैदानाला लागूनच नेटबॉलचे कोर्ट असते आणि त्याच दिवशी, त्याच दोन गावांच्या मुलींचे व महिलांचे सामने तेथे होतात. नेटबॉल हा सात जणींचा, बास्केटबॉलशी नाते सांगणारा खेळ आहे. ग्रामीण भागातील अनेक संघटनांनी आपले नावच फुटबॉल नेटबॉल लीग असे केले आहे; बहीण-भाऊ एकाच मोटारीतून एकाच गावी खेळायला जातात. अलीकडे मुलींचे फुटबॉल संघही वाढत आहेत. आपल्याकडच्या सामन्यांत मुलींसाठी एखादा प्रदर्शनीय सामना ठेवून समाधान मानले जाते, त्याऐवजी मुलांच्या प्रत्येक सामन्याआधी त्याच मैदानावर मुलींच्या खो-खोचा किंवा कबड्डीचा सामना वेळापत्रकातच असावा. शाळेत सराव करणाऱ्या मुलींना वर्षाकाठी तालुक्याचा एखादाच सामना मिळतो, हे आपले दुःख रास्त आहे.

प्रश्न : आमच्या गावातली तरुण मुले पुण्याला आणि नागपूरला गेली. सात खेळाडू जमवणे कठीण आहे. तिकडे असे होत नाही का? (एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

होते, आणि फार होते. यंत्रे मोठी झाली, शेते एकत्र झाली, कुटुंबे कमी झाली. १९९७ ते २००९ या प्रदीर्घ दुष्काळाने उरलेल्यांतलेही बरेच जण हलले. आपल्याला सात लागतात, त्यांना अठरा आणि वर राखीव. मग पिढ्यान्पिढ्या एकमेकांविरुद्ध खेळलेल्या दोन गावांना एकच क्लब करावा लागतो. गणवेशाचा रंग कोणाचा, नाव कोणाचे आधी, सामने कोणत्या मैदानावर, यावर बैठका रात्र रात्र चालतात. काही ठिकाणी पुरेसे क्लब न उरल्याने लीगच बंद झाल्या.

पण तगून राहिलेली उदाहरणेही आहेत. मुख्य भूमी आणि टास्मानिया यांच्या मधल्या सामुद्रधुनीत किंग आयलंड नावाचे बेट आहे. तेथील लीगमध्ये तीनच क्लब आहेत : करी, ग्रासी आणि नॉर्थ. एका वेळी दोन खेळतात आणि तिसऱ्याला सुट्टी. आपल्या गावात सात होत नसतील तर शेजारच्या दोन वाड्या जोडून संघ करावा, मात्र तो स्पर्धेच्या आदल्या रात्री नव्हे तर हंगामाच्या आधी बसून, नाव आणि मैदान ठरवून करावा.

प्रश्न : भारत हा खेळ खेळतो का? (एक विद्यार्थी, पुसद)

होय, थोड्या प्रमाणात. मेलबर्नला भरलेल्या या खेळाच्या आंतरराष्ट्रीय चषकात भारताचा संघ २००८ साली प्रथम उतरला.

प्रश्न : आम्ही आसपासच्या सहा गावांचे तरुण एकत्र येऊन अशी कबड्डी लीग काढू इच्छितो. सुरुवात कशी करावी? (ता. नेर, जि. यवतमाळ)

आपले पत्र वाचून फार समाधान वाटले. सहा संघांनी एकमेकांशी दोनदा खेळायचे तर दहा रविवार लागतात, प्रत्येक रविवारी तीन सामने, एकूण तीस. दिवाळीनंतर सुरू केले तर संक्रांतीच्या आगेमागे साखळी संपते. कापसाची वेचणी तेव्हा जोरात असते, म्हणून सामने संध्याकाळी ठेवावेत. वेळापत्रक पोळ्याच्या सुमारास सहाही गावांनी एकत्र बसून ठरवावे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. ज्या रविवारी गावात लग्न किंवा सप्ताह आहे, तो तेव्हाच कळतो.

मैदान जिल्हा परिषदेच्या शाळेचे किंवा ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवरचे असू द्या, पण प्रत्येक गावाचे आपले असावे. माती चाळून, पाणी मारून, चोपून फक्की टाकण्याचे काम यजमान गावानेच करावे. गुणांसाठी प्रो कबड्डीत बरीच वर्षे चाललेली रीत चांगली आहे : विजयाला पाच, आणि सात किंवा कमी गुणांनी हरणाऱ्याला एक. त्यामुळे मागे पडलेला संघ शेवटची चढाईही जीव लावून करतो. रोख बक्षीस ठेवू नका; जमलेल्या वर्गणीतून आधी पंचांचे मानधन, प्रथमोपचाराची पेटी आणि दिव्यांचे भाडे बाजूला काढा.

पंचांची अडचण पहिल्याच रविवारी येईल. दोन गावांचा सामना असेल तेव्हा तिसऱ्या गावाने पंच आणि गुणलेखक द्यावेत, आणि हे नाव वेळापत्रकातच लिहिलेले असावे. पंच न पाठवणाऱ्या गावाचा त्या आठवड्यातला एक गुण कापला जाईल, असा नियम पहिल्या बैठकीत सहाही गावांच्या सह्या घेऊन करून ठेवा.