भारतातील उष्णतेच्या लाटा गेल्या काही दशकांत कशा बदलत गेल्या आहेत?

भारतात या लाटा प्रामुख्याने मार्च ते जून या काळात येतात. राजस्थानपासून मध्य भारत आणि विदर्भमार्गे आंध्र-ओडिशापर्यंतचा पट्टा हे त्यांचे जुने क्षेत्र आहे. तेथे वातावरणाच्या वरच्या थरांतील प्रत्यावर्तामुळे, म्हणजे उच्च दाबाच्या क्षेत्रामुळे, हवा खाली दबली जाते, आकाश निरभ्र राहते आणि वायव्येकडील कोरडे वारे तापमानात भर घालतात. १९६१ नंतरच्या नोंदी पाहता या भागातील बऱ्याच ठिकाणी लाटांची वारंवारता आणि कालावधी वाढलेला दिसतो. एल निनोनंतर (प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याच्या स्थितीनंतर) येणारे उन्हाळे, उदाहरणार्थ १९९८, २०१० आणि २०१६ मधील, विशेष कडक ठरले. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले.

माझ्या मते अधिक चिंताजनक बदल म्हणजे लाटांचे लवकर येणे, कारण १९०१ पासूनच्या नोंदींत २०२२ चा मार्च देशासाठी तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि त्या वर्षी दाणे भरण्याच्या अवस्थेतील गव्हाला त्याचा फटका बसला.

तुलना करताना निकष अवश्य लक्षात घ्यावेत. भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक, किंवा थेट ४५ अंश वा त्याहून जास्त असावे लागते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांची मर्यादा आहे. म्हणून मुंबईत ३८ अंशांनाही लाट जाहीर होऊ शकते, नागपुरात मात्र नाही. या निकषांत आर्द्रतेचा समावेश नसल्यामुळे कोकणातील प्रत्यक्ष त्रास आकड्यांत पुरेसा उतरत नाही.