फर्निचर नंतर घे, आधी वही घाल

वकिलीची सनद हातात पडली की आधी ऑफिसचं फर्निचर सुचतं. थांब जरा. मी हप्त्यावर कपाटभर निकालपत्रांचे खंड घेतले होते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३ पासून ई-एससीआरवर, म्हणजे न्यायालयाच्याच ऑनलाइन निकालसंग्रहात, फुकट मिळतात, आणि माझे खंड रद्दीवालाही नाक मुरडूनच नेतो.

टिकली ती एक जाडजूड वही. वाटपाचा दावा आला की त्या घराण्याची वंशावळ, गट नंबर, फेरफार क्रमांक त्यात उतरवायचो. वीसेक वर्षांनी त्याच घरातला नातू आला, “आजोबांचे वकील तुम्हीच ना?” वही उघडली. कोणत्या आत्यानं हक्कसोड लिहून दिलं, दस्त नंबरासकट तिथंच होतं. जाहिरात आपल्याला बार कौन्सिलच्या नियमानं करता येत नाही. अशी घराणीच काय ती आपली जाहिरात.

दाव्यांचे, निशाणी ५ च्या (तात्पुरत्या मनाईच्या) अर्जांचे मसुदे स्वतःचे जमव. मात्र दरवर्षी चाळ. १ जुलै २०२४ नंतरच्या फसवणुकीच्या गुन्ह्यात जुन्या मसुद्यातलं भारतीय दंड संहितेचं कलम ४२० तसंच राहिलं, तर कोर्टात हसं होतं. आता ते भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे.

आणि मूळ खरेदीखतं कपाटात साठवू नकोस बाबा. स्कॅन ठेव, मूळ कागद पोच घेऊन पक्षकाराला परत दे.