रोजच्या हाताला महागडे घड्याळ: वाचकांच्या चार प्रश्नांना उत्तरे

लग्नसराई जवळ आली की या सदराकडे घड्याळांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत. चौघांनीही घड्याळ कपाटात जपून ठेवण्यासाठी नव्हे, तर रोज हातात घालण्यासाठी हवे आहे असे स्पष्ट लिहिले आहे, आणि म्हणूनच उत्तरे थोडी सविस्तर देत आहे.

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत माझा हायड्रॉलिक सुट्या भागांच्या मशीनिंगचा लहान कारखाना आहे. वयाच्या पन्नाशीनिमित्त चार ते पाच लाखांत एक स्विस ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावे आणि ते रोज वापरावे, असा विचार आहे. दुकानदार कंपनीचे नाव आणि तिचा इतिहास सांगतात. प्रत्यक्षात काय पाहून घ्यावे?

उत्तर : दुकानदाराने आपल्याला कंपनीविषयी सांगितले, मी आपल्या कारखान्याविषयी बोलतो, कारण हे घड्याळ दिवसाचे आठ-दहा तास तिथेच असणार आहे.

पहिला विचार चुंबकाचा करावा लागेल. आपल्याकडे सरफेस ग्राइंडर असेल तर त्याचा मॅग्नेटिक चक, म्हणजे लोखंडी काम धरून ठेवणारा चुंबक, असणार, डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड तर प्रत्येक टेबलावर असतो. ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, घड्याळाची वेळ केसाइतक्या बारीक अशा हेअरस्प्रिंगवर अवलंबून असते. ती चुंबकाने भारली गेली की तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेसुद्धा पुढे धावू लागते. घड्याळ बिघडले असे समजून लोक ते खोलायला देतात. वास्तविक चुंबकत्व उतरवण्याचे काम जाणकार कारागीर काही सेकंदांत करतो आणि घड्याळ उघडावेही लागत नाही. असे झाले आहे का, हे पाहण्यासाठी होकायंत्राजवळ घड्याळ नेऊन सुई हलते का, एवढे पाहिले तरी बरेचसे कळते.

चुंबकाला दाद न देणाऱ्या घड्याळांसाठी आयएसओ ७६४ हे मानक आहे. त्यात ४,८०० अँपिअर प्रति मीटर, म्हणजे साधारण ६० गॉस, एवढ्या चुंबकीय क्षेत्राची चाचणी असते. घरात वावरणाऱ्या माणसाला हे पुरेसे आहे. मॅग्नेटिक चकवर हात टेकणाऱ्याला पुरेसे नाही. सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगवर चुंबकाचा परिणाम होत नाही, त्यामुळे आपण ती असलेलेच घड्याळ पाहावे. ओमेगाच्या 'मास्टर क्रोनोमीटर' प्रमाणपत्राच्या घड्याळांची चाचणी १५,००० गॉसपर्यंत होते. आपल्या अंदाजपत्रकात अशी घड्याळे मोजकीच बसतील. तरीही आपल्या कामाच्या दृष्टीने कंपनीच्या इतिहासापेक्षा हा एक आकडा मला अधिक मोलाचा वाटतो.

दुसरा विचार धुळीचा. बेळगावात फाउंड्र्या आणि मशीन शॉप शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे साच्याच्या वाळूची बारीक धूळ आपल्या टेबलावरही येतच असेल. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्झच्या मापावर ही सिलिकाची वाळू ७ वर आहे. साधी मिनरल काच साडेपाचच्या आसपास, तर सफायर काच ९ वर आहे. म्हणजे बाहीने घड्याळ पुसताना मिनरल काचेवर वाळू रेघा ओढणार, सफायरवर नाही. या किमतीच्या घड्याळांत सफायर जवळपास सर्वत्र असते, तरी विचारून खात्री करावी. मात्र सफायर कठीण असली तरी ठिसूळ असते. लोखंडावर कडेने आपटली तर तिचा टवका उडतो. पोलादी केस (घड्याळाची बाहेरची डबी) आणि ब्रेसलेट यांच्यावर रेघा पडणारच आहेत, म्हणून आरशासारख्या चकचकीत पॉलिशऐवजी ब्रश केलेला, मंद फिनिश घ्यावा. त्यावर पहिले दहा-वीस ओरखडे सहज खपून जातात.

अचूकतेबाबत मात्र मन आधीच तयार ठेवावे. स्वित्झर्लंडच्या 'कॉस्क' संस्थेच्या प्रमाणपत्रानुसार यांत्रिक घड्याळ दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्या मर्यादेत चालले पाहिजे. साधे सेलचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्यातून पंधराएक सेकंद इकडे-तिकडे होते. म्हणजे पाच लाखांचे ऑटोमॅटिक हे दोन हजारांच्या घड्याळाहून वेळेत कमीच भरते. ज्याला यंत्राची गोडी आहे त्याने ते घ्यावे, आणि आयुष्यभर शंभरांश मिलिमीटरमध्ये काम केलेल्या माणसाला ती असणारच, असे मला वाटते.

पॉवर रिझर्व्ह, म्हणजे पूर्ण चावी भरल्यावर घड्याळ किती तास चालते, हाही प्रश्न विचारावा. शनिवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालू हवे असेल तर ३८-४० तासांचे मशीन काठावर पडते. ७० तासांचे निश्चिंत चालते. बंद पडलेच तर चावी देऊन वेळ लावावी, पण काटे रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान असताना तारीख झटक्यात बदलणारी सोय वापरू नये, कारण बऱ्याच मशीनांत त्या वेळी तारखेचे दाते एकमेकांत गुंतलेले असतात.

जाडीही पाहावी. १३-१४ मिलिमीटर जाडीचे घड्याळ शर्टाच्या कफात अडकते आणि दाराच्या चौकटीवर आपटते. व्यासापेक्षा मी वरच्या आणि खालच्या शिंगांमधले, म्हणजे पट्टा जिथे जोडतात त्या टोकांमधले, अंतर मोजायला सांगेन. ते मनगटाच्या सपाट भागाबाहेर गेले की घड्याळ दिवसभर घरंगळत राहते. दुकानात किमान पंधरा मिनिटे ते हातात ठेवावे, लिहून पाहावे, हात टेबलावर टेकवून पाहावा.

आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो. लेथ, ड्रिल किंवा कोणत्याही फिरत्या यंत्रासमोर उभे राहताना घड्याळ काढूनच ठेवावे. पोलादी ब्रेसलेट तुटत नाही, आणि तिथे तेच धोक्याचे असते. आपल्या कामगारांनाही हा नियम असेल. तो मालकालाही लागू आहे.

सर्व्हिसिंगचा खर्च खरेदीआधीच लेखी विचारून घ्यावा. यांत्रिक घड्याळाला साधारण पाच ते दहा वर्षांनी तेलपाणी लागते, बेळगावात घेतलेले घड्याळही त्यासाठी बहुधा बेंगळूर किंवा मुंबईला जाते आणि काही आठवडे परत येत नाही. स्टॉपवॉचची सोय असलेल्या क्रोनोग्राफचे सर्व्हिसिंग साध्या तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा बरेच महाग पडते. आपल्याला तीन काटे आणि तारीख पुरेशी आहे.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. माझ्या घड्याळावर '३० मीटर वॉटर रेझिस्टंट' असे लिहिलेले असूनही गेल्या पावसाळ्यात काचेखाली वाफ धरली. दुकानदार चूक माझीच म्हणतात. आता पन्नास-साठ हजारांचे चांगले घड्याळ घ्यायचे आहे. त्याच हातात बांगड्याही असतात. काय काळजी घ्यावी?

उत्तर : चूक आपली नाही, त्या आकड्याच्या भाषेची आहे. ३० मीटर म्हणजे घड्याळ घालून तीस मीटर खोल जाता येते, असा अर्थ सामान्य माणूस घेणारच. प्रत्यक्षात तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा, म्हणजे ३ बारचा, आकडा आहे आणि वापरात त्याचा अर्थ हात धुताना उडालेले थेंब चालतील, एवढाच असतो. खानापूरच्या पावसात दुचाकीवरून शाळेला जाणाऱ्या बाईंच्या मनगटावर चार महिने जे पाणी आदळते, त्याला हे घड्याळ पुरणारच नव्हते. आपण किमान १०० मीटरचे आणि शक्यतो चावी आट्यांनी घट्ट बसणारे घड्याळ घ्यावे. ती चावी प्रत्येक वेळी पूर्ण आवळली आहे ना, हे पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागेल.

पाणी अडवणारे असते ते आतले रबराचे वायसर. घाम, साबण, गरम पाण्याची वाफ आणि वय यांनी ते कडक होतात. म्हणून आंघोळीला घड्याळ घालू नये, मग त्यावर २०० मीटर लिहिलेले असले तरी. सेल बदलताना मागचे झाकण उघडले जाते, तेव्हा वायसर तपासून घड्याळाची प्रेशर टेस्ट करून घ्यावी. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घाईत रस्त्यावरच्या एका दुकानात सेल बदलून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी आंबोलीच्या पावसात गेलो. वायसर जागेवर नीट बसलेला नव्हता. आठवडाभरात तबकडीवर डाग पडले आणि ते कधीच गेले नाहीत. ते घड्याळ माझ्या वडिलांनी दिलेले होते, म्हणून आजही चुटपुट लागते.

पुन्हा वाफ दिसली तर घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवू नये. बंद केसमधला ओलावा तांदूळ ओढत नाही. एक-दोन दिवसांच्या आत ते उघडून वाळवणाऱ्या कारागिराकडे न्यावे, कारण गंज चढायला फार वेळ लागत नाही.

बांगड्यांविषयी आपण विचारले ते फार योग्य केले, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. २२ कॅरेट सोने पोलादापेक्षा खूप मऊ असते. दोन्ही एकाच हातात घातली तर झिजते ते सोने. काचेच्या बांगड्यांनी मात्र पोलादाच्या पॉलिशवर बारीक रेघा उठतात. शक्य असेल तर घड्याळ दुसऱ्या हातात घालावे. नसेल तर पोलादी ब्रेसलेटऐवजी रबराचा चांगला पट्टा घ्यावा. तो पावसालाही बरा आणि बांगड्यांनाही.

प्रश्न : निपाणीहून लिहीत आहे. जावयांना लग्नात भारी घड्याळ द्यायचे आहे. सोन्याचे द्यावे की स्टीलचे? ओळखीच्या एका गृहस्थांकडे थोडेसे वापरलेले घड्याळ निम्म्या किमतीत मिळते आहे. घ्यावे का?

उत्तर : रोज वापरायचे असेल तर स्टील. १८ कॅरेट सोन्याच्या केसवर ओरखडे लवकर पडतात, आणि जावईबापू ते चार सणांपुरतेच घालतील, अशी भीती वाटते. दागिन्यावर आपण हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक पाहतो, तसा तो घड्याळावर दिसेलच असे नाही, कारण सक्तीच्या हॉलमार्किंगमधून घड्याळांना सूट आहे. स्वित्झर्लंडमध्ये अधिकृतपणे तपासलेल्या सोन्याच्या केसवर सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या डोक्याचा बारीक ठसा असतो, तो भिंगाने पाहावा. सोन्याचा केवळ मुलामा असलेले घड्याळ रोजच्या वापरासाठी मी मुळीच सुचवणार नाही. घामाने आणि घासण्याने त्याच्या कडा आधी उघड्या पडतात.

वापरलेले घड्याळ घेणे वाईट नाही, उलट बहुतेक घड्याळांची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते, त्यामुळे त्यात घेणाऱ्याचाच फायदा असतो. पण निम्म्या किमतीत मिळणाऱ्या घड्याळाचे मागचे झाकण उघडून मशीन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मूळ बिल आणि वॉरंटी कार्ड मागावे, आणि कार्डावरचा क्रमांक केसवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. गृहस्थ ओळखीचे असले तरी हे मागायला संकोच करू नये. खरे असेल तर त्यांनाही वाईट वाटणार नाही. लग्नाची भेट असल्यामुळे माझे मन मात्र नव्या आणि अधिकृत विक्रेत्याकडच्या घड्याळाकडेच झुकते.

व्यवहाराचेही लक्षात ठेवावे. २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि २२ एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या मनगटी घड्याळावर विक्रेता १ टक्का कर गोळा करतो. तो विवरणपत्रात आपल्या कराशी जुळवून घेता येतो, म्हणून पॅन बरोबर नोंदवला आहे ना, हे बिलावर पाहावे.

प्रश्न : मी चिकोडीचा, नुकताच नोकरीला लागलो आहे. आजोबांचे चावीचे एचएमटी 'जनता' दुरुस्त करून रोज वापरावे, अशी इच्छा आहे. जोडीला चामड्याचा चांगला पट्टा आणि बेल्टही घ्यायचा आहे. हे शहाणपणाचे आहे का?

उत्तर : आपले पत्र वाचून फार आनंद झाला. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढे आपल्या भागात नोकरीला लागलेल्या कितीतरी मुलांच्या हाती पहिले घड्याळ आले ते हेच. २०१६ मध्ये एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला, तरी 'जनता'चे १७ ज्वेलचे, म्हणजे घर्षण कमी करणारे १७ खडे बसवलेले, मशीन साधे आणि दणकट असल्यामुळे जुने कारागीर ते आजही नीट करतात. फक्त तबकडी रंगवून 'नवी' करून देतो, असे कोणी म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा. आजोबांनी पाहिलेली तबकडी तशीच राहू द्यावी. बाजारात अशा रंगवलेल्या तबकड्यांची घड्याळे पुष्कळ आहेत आणि त्यांत मूळचे काय उरले आहे, हे सांगता येत नाही. प्लास्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे पॉलिशने निघतात. रोज ठरावीक वेळी चावी द्यावी आणि ती अडली की तिथेच थांबावे. पाण्यापासून मात्र या घड्याळाला कसलेही संरक्षण नाही, म्हणून जून ते सप्टेंबर ते घरी ठेवावे.

चामड्याची पारख आपल्याला शिकवायला नको. कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन ज्या आठ जिल्ह्यांना आहे, त्यांत बेळगावही आहे, आणि बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेले अथणीकडचे चामडे आपण हाताळलेले असेलच. तेच ज्ञान इथे वापरावे. कड पाहावी. सलग, तंतुमय दिसली तर ते एकसंध चामडे; रंगाचा जाड थर आणि आत भुसा दाबल्यासारखे दिसले तर तो चुऱ्यापासून बनवलेला पट्टा आहे, आणि 'जेन्युइन लेदर' असा शिक्का असला तरी तो वर्षभरात सोलवटतो. बेल्ट दोन थर चिकटवलेला नसून एकाच जाड चामड्याचा असावा. चपला आपण मृगाआधी पुसून, तेल लावून ठेवून देतो, तसाच हा पट्टाही ठेवावा, नाहीतर बुरशी धरते. पट्टा घ्यायला जाताना शिंगांमधली रुंदी मोजून घ्यावी; 'जनता'ला सहसा १८ मिलिमीटरचा पट्टा बसतो, पण आजोबांचे घड्याळच सोबत नेलेले बरे.