वर्दी, झडीचा पाऊस आणि तांबडी माती: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा नववीत असून यंदा एनसीसीच्या ज्युनियर डिव्हिजनमध्ये भरती झाला आहे. आमच्याकडे खानापूर भागात पावसाळ्यात परेड झाली की पँटच्या पायांवर तांबड्या चिखलाचे शिंतोडे उडतात आणि ते धुऊनही पूर्ण जात नाहीत. ब्लीचिंग पावडर वापरावी का? शिवाय त्याची आजी शर्टाला भाताची कांजी घालते, ती योग्य आहे का?
— एक पालक, तालुका खानापूर

उत्तर : ब्लीचिंग पावडर खाकी कपड्याला मुळीच लावू नये. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील मातीचा तांबडा रंग तिच्यातील लोहामुळे असतो. क्लोरीनच्या ब्लीचने तो डाग निघत नाही, उलट पक्का होण्याचा संभव असतो, आणि खाकीचा रंग मात्र हमखास उडतो. आपल्याकडे चिखल दिसला की बाई बादलीत पाणी भरते आणि ब्रश घेऊन बसते. नेमके तेच टाळायचे आहे, कारण ओला चिखल घासला की मातीचे बारीक कण धाग्याच्या आत शिरतात. पँट दांडीवर टाकून चिखल पूर्ण वाळू द्यावा, तो हाताने चुरून मऊ ब्रशने झटकावा, मग कापड उलटे धरून डागाच्या मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडावी म्हणजे उरलेली माती आली त्या वाटेने बाहेर पडते. त्यानंतरच साबण लावावा. एवढे करूनही पिवळट-तांबूस छटा राहिली तर लिंबाचा रस पाण्यात पातळ करून लावता येतो; मात्र तो आधी पँटच्या आतल्या दुमडीवर लावून रंग फिका होत नाही ना, हे पाहून घ्यावे आणि काही मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन टाकावा.

कांजीबद्दल आजींची क्षमा मागून लिहितो. निव्वळ सुती खाकी ड्रेस होते त्या काळात कांजीशिवाय घडी उभी राहत नसे, त्यामुळे त्यांची सवय त्या कापडापुरती बरोबरच होती. आता बहुतेक मुलांना मिळणारे कापड टेरिकॉटचे, म्हणजे सुती आणि पॉलिएस्टर धाग्यांच्या मिश्रणाचे असते. ते कांजी नीट शोषून घेत नाही, मग इस्त्री फिरली की वर पांढरे पापुद्रे दिसतात, आणि आपल्या भागातील जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्याच कांजीवर बुरशी धरते. कडक घडी हवी असेल तर कापड किंचित ओलसर असतानाच उलट्या बाजूने मध्यम इस्त्री करावी. पँटच्या पुढच्या घडीवर मात्र सरळ बाजूने ओला सुती रुमाल अंथरून इस्त्री दाबून धरावी, घासू नये. फार तापलेल्या इस्त्रीने पॉलिएस्टरचे धागे चपटे होऊन जी तेलकट चकाकी येते, ती पुन्हा जात नाही. माझ्या पाहण्यात आळसापेक्षा अतिउत्साहाने खराब झालेल्या वर्द्या अधिक आहेत, आणि त्यांत इस्त्रीचा क्रमांक पहिला लागतो.

वाळत घालताना शर्ट-पँट उलटी करून सावलीत, वारा लागेल अशा ठिकाणी घालावी. झडीच्या दिवसांत चार-चार दिवस ऊन पडत नाही, तेव्हा पंख्याखाली वाळलेली वर्दी इस्त्रीच्या उबेने पूर्ण कोरडी करून मगच हँगरला लावावी. ओलसर कपडा कपाटात गेला की कुबट वास धरतो.

प्रश्न : मी महाविद्यालयात एनसीसीच्या सीनियर विंगमध्ये, म्हणजे मुलींच्या विभागात आहे. नवी बेरेट डोक्यावर फुगून उभी राहते. गरम पाण्यात घातली की ती बसते, असे मैत्रिणी सांगतात. टोपीवरचा हॅकल, म्हणजे पिसांचा तुरा, पावसात भिजून चिकटला आहे, त्याचे काय करावे?
— एक कॅडेट, निपाणी

उत्तर : मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्यामुळे आपल्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर जवानांची घट्ट बसलेली बेरेट रोज असते आणि पहिल्याच आठवड्यात आपलीही तशी दिसावी, असे त्यांना वाटते. बेरेट लोकरीची असते. गरम पाण्याने लोकर आटते आणि आटलेली टोपी पुन्हा सैल होत नाही, म्हणून पाणी कोमटच असावे. आधी बिल्ला आणि हॅकल काढून ठेवावेत. बेरेट भिजल्यावर पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावी आणि ओलसर असतानाच डोक्यावर घालावी. कडेची पट्टी भुवयांच्या सुमारे 1 इंच वर, सगळीकडे समपातळीत राहील आणि बिल्ल्याची जागा डाव्या डोळ्याच्या वर येईल अशी ती बसवावी. उरलेले कापड उजव्या कानाकडे ओढून तळहाताने चापून सपाट करावे आणि टोपी तशीच डोक्यावर ठेवून घरातील कामे करीत राहावे. आकार धरला की अलगद काढून सावलीत वाळू द्यावी. मागच्या नाडीची गाठ आतल्या बाजूला खोचलेली असावी. केसांचा अंबाडा मानेजवळ खाली बांधला नाही तर बेरेट मागून उचलली जाते. मुलींच्या टोप्या फुगण्याचे निम्मे कारण हेच असते.

लाल हॅकल पिसांचा असतो, त्यामुळे तो भिजल्यावर बोटांनी ओढू किंवा पुसू नये. देठाला धरून हलकेच झटकावा आणि उभा ठेवून वाळवावा. मग चहाच्या किटलीच्या वाफेवर, हाताला चटका बसणार नाही एवढ्या अंतरावर, काही क्षण फिरवला की पिसे आपोआप मोकळी होतात. एरवी तो जाड कागदाच्या सुरळीत घालून ठेवावा.

प्रश्न : परेडच्या आदल्या रात्री बूट भिजले तर चुलीजवळ वाळवले तर चालतील का? पट्ट्याचे पितळ आणि टोपीचा बिल्ला चिंचेने घासावा का?
— एक कॅडेट, हुक्केरी

उत्तर : चुलीजवळ नको; चामडे तडकते. नाड्या सोडून, जीभ बाहेर ओढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि कागद ओला होईल तसतसा तो बदलावा. चामडे आतून ओले असताना पॉलिश लावले तर ओल आतच कोंडते, म्हणून 15 ऑगस्टच्या सकाळी चमक थोडी कमी दिसली तरी चालेल. कोरड्या बुटाला पॉलिशचा पातळ थर द्यावा, ब्रश मारावा, मग टोकावर ओल्या कापसाने पाण्याच्या थेंबासह लहान गोल फिरवीत दुसरा आणि तिसरा थर चढवावा. एकदम जाड थर दिला तर चालताना बूट दुमडतो तिथे तो फुटतो.

पट्ट्याचे अस्सल पितळ ब्रासोने (धातूच्या पॉलिशने) किंवा चिंचेने स्वच्छ होते, पण ते आधी पट्ट्यातून काढून घ्यावे, नाहीतर कापडाच्या कडा काळ्या पडतात. चिंच वापरल्यास लगेच धुऊन पूर्ण कोरडे करावे, अन्यथा दुसऱ्या दिवशी पितळ पुन्हा काळवंडते. टोपीचा बिल्ला मात्र पुष्कळदा नुसता मुलामा दिलेला असतो. तो घासला की खालचा पांढरा धातू उघडा पडतो. त्यासाठी मऊ कोरडे फडके पुरेसे आहे.

प्रश्न : गावच्या मिरवणुकीत किंवा 1 नोव्हेंबरच्या फेरीत मुलाने वर्दी घालून यावे, असे मंडळातील लोक म्हणतात. चालेल का?
— एक पालक, बेळगाव तालुका

उत्तर : नाही. परेड, शिबिर किंवा युनिटच्या आदेशाने ठरलेला कार्यक्रम असेल तेव्हाच वर्दी घालावी. 1 नोव्हेंबरला आपल्या भागात एकीकडे कर्नाटक राज्याच्या स्थापनेचा राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे सीमाभागातील मराठी भाषिकांची निषेधाची, काळ्या दिनाची फेरी निघते, हे सर्वांना ठाऊक आहे. सरकारी संचलनासाठी युनिटने तुकडी पाठवली तर कॅडेट आदेशानुसार जाईल. परंतु कोणत्याही बाजूच्या राजकीय फेरीत, मंडळाच्या मिरवणुकीत किंवा चुलतभावाच्या वरातीत वर्दी घालून उभे राहणे योग्य नाही. नागरिक म्हणून तुमचे मत काहीही असो, मुलाने तेथे साध्या कपड्यांत जावे. मंडळींचा आग्रह मोडवत नसेल तर शाळेतील एनसीसीच्या शिक्षकांचे नाव पुढे करावे; त्यांना अशा नकारांची सवय असते.