हॉथॉर्नला बोराटी म्हणावे का?

धुळ्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, एका इंग्रजी कथेत शेताच्या कडेने फुललेल्या 'हॉथॉर्न' या काटेरी झाडासाठी त्यांनी 'बोराटी' हा शब्द योजला आहे, तो चालेल का?

बोराटी का सुचली, हे खानदेशात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. बोरीच्या काट्या बांधावर रचल्या की गुरे आत शिरत नाहीत, आणि इंग्लंडमध्ये हॉथॉर्न शतकानुशतके याच कामी आले आहे. आपली बोराटी तोडलेली आणि वाळलेली असते. तिथले कुंपण मात्र जिवंत असते, कारण खोडे बुडाशी अर्धवट कापून आडवी वाकवतात आणि ती पुन्हा फुटून एकमेकांत गुंततात. खुद्द शब्दातही कुंपणच आहे: 'हॉ' हा जुन्या इंग्रजीतील 'हागा' म्हणजे कुंपण या शब्दाचा अवशेष, आणि 'थॉर्न' म्हणजे काटा. मराठीत कुंपणाला 'वई' हा जुना, सुरेख शब्द आहे. तेव्हा हॉथॉर्न म्हणजे वईचा काटा.

तरीही भाषांतरात बोराटी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हॉथॉर्न हे गुलाब आणि सफरचंद यांच्या कुळातले झाड. त्याचे फळ लाल, साधारण वाटाण्याएवढे, आणि टोकाशी सफरचंदासारखीच सुकलेल्या फुलाची खूण असलेले. बोरीला बहुधा जोडीने काटे येतात, एक सरळ आणि एक आकडीसारखा वळलेला, आणि बाही धरून ठेवतो तो हा आकडा. हॉथॉर्नचा काटा म्हणजे मुळात आखूड झालेली डहाळीच असते, म्हणून त्याच्यावर कधी कधी पानेही फुटतात. सर्वांत मोठा फरक फुलांचा आहे. बोरीचे हिरवट-पिवळे फूल शोधावे लागते; हॉथॉर्न वसंतात पांढऱ्या फुलांनी झाकून जाते, आणि कथेतले दृश्य नेमके तेच असल्यामुळे बोराटी म्हणताच ते पुसले जाईल.

उपयोगांत मात्र दोन्ही झाडे जवळची आहेत. आपण बोरे वाळवून बोरकूट करतो, इंग्लंडमध्ये हॉथॉर्नच्या फळांची जेली करतात, आणि चीनमध्ये तिथल्या मोठ्या जातीची फळे काडीला टोचून साखरेच्या पाकात बुडवतात. हॉथॉर्नचे लाकूड टणक असल्याने त्याचे अवजारांचे दांडेही होतात. ते काम आपल्याकडे बाभूळ करते.

म्हणून पहिल्या उल्लेखात 'वईतले काटेरी हॉथॉर्न' असे लिहावे आणि पुढे नुसते हॉथॉर्न ठेवावे. याच फुलाला इंग्रजीत 'मे' असेही म्हणतात, कारण पूर्वी ते मेच्या पहिल्या तारखेच्या सुमारास फुलत असे. 1752 मध्ये ब्रिटनने पंचांग बदलून 11 दिवस गाळले, त्यामुळे मे महिन्याची पहिली तारीख अलीकडे आली आणि बहर त्या तारखेच्या मागे पडला. नाव मात्र टिकले. तेव्हा कथेत कुठे 'मे' फुलल्याचा उल्लेख आला, तर तो महिना न समजता तिथे 'हॉथॉर्न बहरले' असे लिहावे.