स्ट्रीमिंगच्या काळात जुनी ८० जीबी एमपी३ गाणी ठेवावीत की उडवावीत?

तुम्ही लिहिलंय की निपाणीच्या घरी २००५ पासून साठवलेली ८० जीबी गाणी एका हार्डडिस्कवर आहेत, मराठी, हिंदी, कानडी सगळी सरमिसळ, आणि पोरं म्हणतात, "सगळं अ‍ॅपवर मिळतंय, ती डिस्क कशाला जपताय?"

सगळं मिळत नाही. ज्याच्या मागे कंपनी आहे ते मिळतं. भीमसेन जोशींचे अभंग मिळतील, लताबाई मिळतील. गावच्या भजनी मंडळाची कॅसेट, जत्रेतलं कीर्तन, हौशी नाटकाचं रेकॉर्डिंग अ‍ॅपवर कोण चढवणार? डिस्कवर असलं काही असेल तर तीच तुमची इस्टेट. बाकी सिनेमाची गाणी उडवलीत तरी मला काही वाटणार नाही.

पण निवडायला बसण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये डिस्कची तब्येत बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर'पुढे (डिस्कला नीट वाचता न येणारे तुकडे) 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं, तर त्या डिस्कवर एक फोल्डरही इकडचा तिकडे करू नका. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि निवडानिवड कॉपीवर करा. टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून बघण्यातच डिस्क जाते.

सिनेमाच्या गाण्यांत कचरा भरपूर असतो. त्या काळी मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे. त्यात १२८ केबीपीएसची फाईल (हा आकडा जितका मोठा तितका आवाजाचा दर्जा चांगला) पुन्हा ३२० करून वर वेबसाईटचं नाव चिकटवलेलं असायचं. स्पेक नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये फाईल टाका, तो आवाजाचं रंगीत चित्र काढून दाखवतो. वरचा रंग १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीनं कापल्यासारखा थांबला, तर लेबलवर ३२० असो की आणखी काही, माल बहुधा १२८चाच. असली गाणी अ‍ॅपवर यापेक्षा चांगली वाजतात, काढून टाका. स्वतःच्या सीडीवरून काढलेली मात्र ठेवा. अ‍ॅपवर पुष्कळदा नंतर चकाचक केलेली आवृत्ती असते, तुम्ही ऐकलेली नव्हे.

फाईलींना नावं लावायला पिकार्ड हे सॉफ्टवेअर चांगलं आहे. ते गाणं त्याच्या आवाजाच्या ठशावरून ओळखतं. पण एकच गाणं पन्नास 'सुपरहिट' संग्रहांत असतं, म्हणून ते एका अल्बमची गाणी दहा ठिकाणी विखरून टाकतं. फाईल हलवण्याचा आणि नाव बदलण्याचा पर्याय आधी बंद करा. मंडळाची भजनं त्याला ओळखताच येत नाहीत. तिथं एमपी३टॅग हा प्रोग्राम घेऊन हातानं लिहा: मंडळ, गाव, साल, गायक, पेटी कुणाची, पखवाज कुणाचा. टॅगचा, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेल्या या माहितीचा, प्रकार आयडी३ २.३, यूटीएफ-१६ ठेवा, म्हणजे देवनागरी बहुतेक ठिकाणी नीट दिसेल. काही कारच्या डेकवर तरीही चौकोनच दिसतात. त्यासाठी वेगळी कॉपी इंग्रजी अक्षरांत करा. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला घ्या. पुष्कळ डेक नावाप्रमाणे न वाजवता कॉपी झालेल्या क्रमानं वाजवतात, म्हणून रिकाम्या पेनड्राइव्हवर एका दमात कॉपी करा, नाहीतर क्रम लावणारा ड्राइव्हसॉर्ट हा प्रोग्राम फिरवा.

घरात कॅसेटही असतील तर खरं काम तिथं आहे. शहापुरातल्या एका भजनी मंडळाच्या कॅसेट मी उतरवून दिल्यात, म्हणून हे जरा सविस्तर. आपल्याकडच्या पावसात टेपच्या कडेला पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट सरळ डेकमध्ये घालू नका, हेड (टेप वाचणारा भाग) घाण होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही ते लागतं. दुसरं, कॅसेटच्या तोंडाशी पितळी पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, टेप हेडवर दाबून धरणारा. डिंक वाळून तो गळतो आणि आवाज मेल्यासारखा येतो. लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. झालेली नसते. स्क्रूची दुसरी चांगली कॅसेट उघडा आणि दोन्ही रिळं तिच्यात बसवा.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हेड पुसा. हेडशेजारच्या बारीक स्क्रूची मूळ जागा खुणेनं धरून ठेवा आणि टाळ सगळ्यात लख्ख ऐकू येईपर्यंत तो हळूहळू फिरवा. डेकची वायर कॉम्प्युटरच्या माइकच्या नव्हे, लाइन-इनच्या भोकात. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या फुकट प्रोग्राममध्ये ४४.१ किलोहर्ट्झ ठेवा आणि सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. तासाभराची वेव्ह फाईल ६०० एमबीच्या आसपास होते, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाईल लहान करणारा प्रकार) केली की साधारण निम्मी. खरखर काढायची तर कॉपीवर काढा. जास्त काढलीत की टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे येतात, आणि मूळ फाईल नसेल तर ते परत आणता येत नाही.

आमचे दाजी म्हणतात, "अ‍ॅपमध्येपण डाउनलोड आहे की." आहे. पण ती फाईल अ‍ॅपच्या कुलपात असते. स्पॉटिफायला ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं. वर्गणी थांबली की डाउनलोडही थांबलं. दुकानं तर डोळ्यांसमोर बंद झाली: गुगल प्ले म्युझिक २०२०मध्ये, एअरटेलचं विंक २०२४मध्ये. फ्लिपकार्टचं गाणी विकणारं फ्लाइट २०१२ला सुरू होऊन २०१३लाच गुंडाळलं, पण तिथली एमपी३ बिनकुलपाची होती. ज्यांनी ती उतरवून ठेवली त्यांच्याकडे आजही वाजतात.

हां, नवी गाणी ऐकायला अ‍ॅपच घ्या, मीही घेतलंय. इकडून तिकडून उतरवलेली गाणी लोकांना वाटत बसू नका. मंडळाच्या मांडवात मोठ्या आवाजात वाजवायची तर परवान्याची भानगड वेगळी आहे. आणि तिथं फुकटचं अ‍ॅप लावू नका, दोन आरत्यांच्या मध्ये जाहिरात येते. एकमेव प्रत पेनड्राइव्हवर ठेवू नका. दोन डिस्क घ्या, एक दुसऱ्या घरी ठेवा.

दाजींच्या खानापूरच्या घरी माळ्यावर त्यांच्या वडिलांच्या भारुडाच्या दोन कॅसेट पडल्यात. त्या कुठल्या अ‍ॅपवर आहेत ते त्यांनी अजून दाखवलेलं नाही. कॅसेटही देत नाहीत.