नाव सांगण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी तक्रार पोचली. काहीही न सांगता जॅझची रेकॉर्ड लावायची आणि वादक कोण ते ओळखायचे, या आपल्या बैठकीतल्या खेळात तू पहिल्या काही क्षणांतच नाव सांगून मोकळा होतोस, ते बहुतेक वेळा बरोबरही असते, आणि तरीही मी दाद देत नाही, असे तू लिहिले आहेस. ते खरे आहे. बरोबर नाव ऐकून मला एवढेच समजते की ती रेकॉर्ड तुझ्या संग्रहात आहे. तिच्यात तू काय ऐकलेस ते समजत नाही. म्हणून माझी पहिली आणि जवळजवळ एकमेव सूचना अशी की, नाव शेवटी सांगावे. आधी जे कानावर पडले ते शब्दांत मांडावे, त्यावरून कोणता काळ, कोणती वाद्ये, कोणत्या वळणाचे वादन असा अंदाज बांधावा, आणि एवढे झाल्यावर नाव सुचलेच तर ते उच्चारावे.

हा खेळ जुना आहे. समीक्षक लेनर्ड फेदर यांनी १९४६ मध्ये 'मेट्रोनोम' या अमेरिकी मासिकात 'ब्लाइंडफोल्ड टेस्ट' नावाचे सदर सुरू केले आणि पुढे ते 'डाउनबीट'मध्ये नेले. एखाद्या नामवंत वादकाला बोलवायचे, कोणतीही माहिती न देता रेकॉर्ड ऐकवायच्या आणि त्याचे मत टिपून घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज यांनी एकदा फेदर यांच्याशी पैजच लावली की, वादक गोरा आहे की काळा हे आपण नुसते ऐकून सांगू. १९५१ मध्ये ती चाचणी झाली, आणि एल्ड्रिज इतक्यांदा चुकले की नुसत्या रेकॉर्डवरून हे सांगता येत नाही, अशी कबुली त्यांना द्यावी लागली. एल्ड्रिज यांचा कान कच्चा होता असे कोणी म्हणणार नाही. लुई आर्मस्ट्राँग आणि डिझी गिलेस्पी यांच्या मधला सगळ्यांत महत्त्वाचा ट्रम्पेटवादक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु ते जे शोधत होते ते स्वरांत नव्हतेच. आपणही पुष्कळदा असेच करतो. उत्तर आधी ठरवतो आणि मग त्याला जुळेल तेवढेच ऐकतो.

तुझी सवय अशी दिसते की, सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट सुरू झाला की सगळे लक्ष त्याच्याकडे लावायचे. माझ्या मते फसगत होण्याची सर्वाधिक शक्यता तिथेच असते, कारण जॅझमध्ये सर्वांत जास्त अनुकरण एकल वादकांचेच झाले आहे. सनी स्टिट यांचा आल्टो सॅक्सोफोन ऐकून चार्ली पार्कर यांचे नाव घेणारे पुष्कळ भेटतील. पॉल क्विनिशेट यांनी लेस्टर यंग यांची शैली इतकी आत्मसात केली होती की, यंग यांना 'प्रेझ' (म्हणजे प्रेसिडेंट) म्हणत असल्यामुळे क्विनिशेट यांना लोक 'व्हाइस प्रेझ' म्हणू लागले. म्हणून मी नवख्या श्रोत्याला नेहमी मागून पुढे यायला सांगतो: आधी ड्रम, मग बास (खर्जातले मोठे तंतुवाद्य), मग पियानो, आणि सोलो वाजवणारा सर्वांत शेवटी. साथ करणाऱ्याचे लक्ष दुसऱ्याला उचलून धरण्यात गुंतलेले असते, त्यामुळे त्याच्या हातच्या सवयी उघड्या पडतात. चौथ्या मात्रेवर ड्रमच्या काठाचा ठोका वारंवार पडू लागला की फिली जो जोन्स यांचा विचार मनात यावा. पायाने वाजणारी हाय-हॅट (झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर कडक आपटत असेल आणि सोलो बदलताना ड्रमवरची गडगडाट करणारी लाट उसळत असेल, तर आर्ट ब्लेकी असण्याचा संभव आहे. ठेका एका जागी न राहता तीन-तीनच्या वर्तुळांत गरगरत पसरत असेल, तर एल्विन जोन्स यांचे नाव बाजूला लिहून ठेवावे. यांतली एकही खूण पुरावा म्हणून पुरेशी नाही, कारण तरुण ड्रमवादकांनी या सगळ्यांचाच अभ्यास केलेला असतो; मात्र दोन-तीन खुणा एकत्र आल्या की अंदाजाला बळ येते.

बासकडे आपल्याकडचे श्रोते फारच कमी लक्ष देतात. पॉल चेंबर्स अनेकदा बोटांऐवजी गजाने सोलो वाजवत, आणि त्या काळात तसे करणारे फार नव्हते. स्लॅम स्टुअर्ट गजाने वाजवता वाजवता तेच स्वर एक सप्तक वर गुणगुणत असत. मेजर हॉली हेही गुणगुणत, पण बासच्याच सप्तकात. गुणगुण ऐकू येताच 'स्लॅम स्टुअर्ट' असे जाहीर करून टाकणाऱ्या माणसाने हा फरक तपासलेला नसतो. आणि मला नेमके हेच तपासणे हवे आहे.

जागेचाही आवाज असतो. रूडी व्हॅन गेल्डर १९५९ पर्यंत न्यू जर्सीतील हॅकेन्सॅक येथे आपल्या आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करत आणि त्यानंतर एंगलवूड क्लिफ्स येथील स्वतःच्या स्टुडिओत. त्यांच्या ध्वनिमुद्रणात ट्रम्पेट-सॅक्सोफोन अगदी जवळ येऊन उभे राहतात आणि पियानो मात्र थोडा कोंडल्यासारखा वाटतो. हे एकदा कानात बसले की 'ब्लू नोट' किंवा 'प्रेस्टिज' या कंपनीची १९५० च्या दशकातली तबकडी असावी, हे वादक ओळखण्याआधीच जाणवते. खेळ संपल्यावर तबकडी हातात घेऊन शेवटच्या कोऱ्या भागात कोरलेली त्यांच्या नावाची आद्याक्षरे शोधावीत. पण खेळ संपल्यावरच.

रचना ओळखणे हा वेगळा विषय आहे आणि तो कंटाळवाणा वाटला तरी टाळता येणार नाही. बारा 'बार'चा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) ब्लूज आहे की बत्तीस 'बार'चे गीत, हे बोटांवर मोजून ठरवता आले पाहिजे. बीबॉप या १९४० च्या दशकातल्या जॅझशैलीतल्या पुष्कळशा रचना जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या स्वरसंगतीवर नवी चाल बसवून केलेल्या आहेत. त्यामागे कलेइतकाच मानधनाचाही विचार होता, कारण मूळ चाल वाजवली की तिच्या मालकाला पैसे द्यावे लागत. 'ऑर्निथॉलॉजी'च्या खाली 'हाउ हाय द मून' आहे आणि 'को-को'च्या खाली 'चेरोकी'. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी पार्कर यांनी 'को-को' ध्वनिमुद्रित केली, तेव्हाच्या पहिल्या टेकमध्ये (ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या प्रयत्नात) वादक 'चेरोकी'ची मूळ चाल वाजवू लागतात आणि त्यांना मध्येच थांबवले जाते. ही तबकडी तू जरूर अभ्यास. पियानोवादक बड पॉवेल त्या दिवशी आले नाहीत, गिलेस्पी आणि आर्गॉन थॉर्न्टन यांनी पियानो सांभाळला, गिलेस्पी यांनी ट्रम्पेटही वाजवला, आणि कोणत्या टेकमध्ये कोण पियानोवर आहे यावर जाणकारांनी वर्षानुवर्षे वाद घातला. जी माणसे त्या खोलीत हजर होती त्यांच्या आठवणीही एकमेकींशी जुळत नाहीत. असे असताना आपल्या बैठकीत चटकन नाव ठोकून देणाऱ्याला मी दाद कशी द्यावी?

आता वेष्टनावरच्या मजकुराविषयी. तू त्याला अखेरचा शब्द मानतोस; मी मानत नाही. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, गिलेस्पी, पॉवेल, बासवादक चार्ल्स मिंगस आणि ड्रमवादक मॅक्स रोच एकत्र वाजवायला बसले. त्या तबकडीवर पार्कर यांचे नाव 'चार्ली चॅन' असे छापले गेले, कारण ते दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध होते. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणात बास नीट ऐकू येत नव्हता, म्हणून मिंगस यांनी तो नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर चढवला. म्हणजे त्या मैफिलीत ऐकू येणारा बास त्या संध्याकाळचा नाही, आणि आल्टो वाजवणाऱ्याचे नाव त्याचे नाही.

याहून बोलके उदाहरण अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाचे आहे. ७ जुलै १९५६ च्या रात्री ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस यांनी दोन जुन्या रचनांना जोडणाऱ्या जागेत लागोपाठ सत्तावीस आवर्तनांचा सोलो वाजवला आणि शांत बसलेला समुदाय उठून नाचू लागला. ती रात्र इतिहासात गेली, आणि एलिंग्टन यांच्या उतरत्या काळाला तिने कलाटणी दिली, असे सगळेच सांगतात. परंतु गोन्साल्विस कोलंबिया कंपनीच्या मायक्रोफोनसमोर नव्हते. ते 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीच्या मायक्रोफोनवर वाजवत होते. त्यामुळे कोलंबियाच्या तबकडीत तो सोलो दुरून आल्यासारखा ऐकू येतो. शिवाय त्या तबकडीतला बराच भाग मैफिलीनंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतलेला होता आणि त्यावर टाळ्या चिकटवलेल्या होत्या. नभोवाणीची टेप पुढे सापडली, आणि दोन्ही टेपा जुळवून १९९९ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा गोन्साल्विस प्रथमच समोर आले. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ऐक आणि टाळ्यांकडे लक्ष दे. खरा समुदाय संगीताला उत्तर देतो, त्याचा आवाज वाढतो, मध्येच कोणी ओरडते. चिकटवलेल्या टाळ्या एकाच पातळीवर वाजत राहतात.

माइल्स डेव्हिस यांच्या 'काइंड ऑफ ब्लू'बद्दल तुझा प्रश्न होता की, पियानोवर सूर धरला तर जुन्या तबकडीची पहिली बाजू सुराला का जुळत नाही. तुझा पियानो ठीक आहे. २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होते, त्यामुळे त्या दिवशीच्या तिन्ही रचना तबकडीवर थोड्या जलद आणि थोड्या वरच्या सुरात आल्या. दुसऱ्या, सुरक्षिततेसाठी चालवलेल्या यंत्राच्या टेपवरून १९९२ मध्ये ही दुरुस्ती झाली. तीन दशकांहून अधिक काळ असंख्य विद्यार्थ्यांनी त्या चुकीच्या सुरातल्या माइल्स डेव्हिस यांच्याबरोबर सराव केला असणार. तुझ्या कानाला ते खटकले याची मात्र मी मनापासून दाद देतो. न सांगता पकडलेल्या दहा नावांपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

प्रत्यक्ष मैफिलीत ही सगळी चौकशी बाजूला ठेवावी का, असे तू विचारतोस. ठेवू नये, पण तिचे स्वरूप बदलावे. तिथे वादक समोर दिसतो, म्हणून कानाला आळस चढतो. एखाद्या रचनेपुरते डोळे मिटून घ्यावेत, आणि शक्य असेल तर दोन्ही सत्रांना थांबावे, कारण पहिल्या सत्रात वादक जागेचा अंदाज घेत असतात. तयारीसाठी बिल इव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बास) आणि पॉल मोशन (ड्रम) या त्रयीने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या क्लबमध्ये केलेले ध्वनिमुद्रण घे. त्या एका रविवारी त्यांनी पाच सत्रे वाजवली आणि काही रचना पुन्हा पुन्हा घेतल्या. 'ऑल ऑफ यू' तर तीनदा. ती तिन्ही वादने एका बैठकीत ऐकावीत आणि फक्त बासच्या मागे जावे. पेल्यांची किणकिण आणि टेबलांवरच्या गप्पाही त्यात आहेत. त्या नकोशा मानू नयेस, कारण त्या लोकांना आपण काय ऐकत आहोत याची कल्पना नव्हती. लाफारो ६ जुलैला मोटार अपघातात गेले, वयाच्या पंचविसाव्या वर्षी.

आपल्या शहराविषयी थोडे लिहितो. मुंबईत १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' सुरू झाली आणि सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स धोबी तलावाजवळच्या रंगभवनात वाजवून गेले, हे तू ऐकले आहेस. मला सांगायचे आहे ते त्याच्या आधीच्या काळाबद्दल. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, आर्मस्ट्राँग यांच्या वळणाचा ट्रम्पेट वाजवत, त्यांचा वाद्यवृंद मुंबईत गाजला, आणि सी. रामचंद्र यांच्या संगीतात या गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा होता. १९५१ च्या 'अलबेला'मध्ये चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. परंतु त्या काळच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे आणि संगीतकाराचे नाव असे, ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे नसे. न्यूयॉर्कच्या सत्रांची नोंद टेकनिहाय उपलब्ध आहे. ताडदेव-दादरच्या स्टुडिओंतील सत्रांची तशी नाही. म्हणून आपल्याकडे या कानाला खरे काम आहे, आणि त्यातला धोकाही उघड आहे. १९५० च्या दशकातल्या गाण्यात तडफदार ट्रम्पेट ऐकू आला की लगेच चिक चॉकलेट यांचे नाव लावायचे, हा आता रिवाज झाला आहे. त्यामुळे ज्या दुसऱ्या वादकांनी ते तुकडे वाजवले असतील ते कायमचे पुसले जातील.

तेव्हा एक वही कर. प्रत्येक गाण्यासाठी तबकडीचा क्रमांक, वर्ष, ट्रम्पेट कोणत्या जागी येतो, स्वर सरळ लावलेला आहे की कंप असलेला, म्यूट (ट्रम्पेटचा आवाज दाबणारे साधन) लावला आहे की नाही, तान कुठे संपते, एवढे लिही. वादकाच्या रकान्यात पुरावा नसेल तर 'अज्ञात' असेच राहू दे. पुढल्या बैठकीला मी अशी चार-पाच गाणी काढून ठेवतो. तू फक्त वही घेऊन ये, आणि या वेळी बोलायला सुरुवात ड्रमपासून कर.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
एक जुना श्रोता